हद्दवाढ

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, तिन्हीसांजेला,
आप्पासो चौगुले चंद्रीच्या कासेला बसला
की खांबाला टांगलेली डबी
शुद्ध पुस्तकी बाईच्या आवाजात बोलायची :
चाळीस रुपये प्राप्त झाले.
चंद्रीचे कान हलायचे. पान्हा सुटायचा.
आधी बाई की आधी पान्हा,
हे आता सांगता येत नाही.

मी शहरातला. उद्यमनगरात लेथवर तीस वर्षं काढली.
हद्दवाढ झालीच पाहिजे, ह्या मताचा.
तो नदीपल्याड वडणग्याचा.
तुमची गटारं आमच्या उसात नकोत, म्हणायचा.
पेला संपेपर्यंत भांडायचो.
भांडण उरलं तर मी दुसरा पेला घ्यायचो.

एका संकष्टीला धारा आटपून
त्यानं फोनवर नऊ ओळी लिहिल्या.
दोनांत शिव्या, एकीत आईची शपथ,
आणि शेवटी :
माझं गाव नकाशात ओढताना
मला इचारलं काय कुणी?
मी लगेच खाली लिहिलं,
आप्पासो, डोकं पेंडीच्या पोत्यात इसरलास.
लोक हसले. तोही हसला असेल.

तिसऱ्या दिवशी नऊ ओळी नव्हत्या.
त्याचं पान नव्हतं, म्हशीच्या फोटोसकट.
माझं उत्तरही त्यांच्याबरोबर गेलं.
बराच वेळ मी बोटानं वर-खाली करत राहिलो,
जत्रेत चप्पल हरवल्यासारखा.

पाचव्या दिवशी डबी बोलायची थांबली.

शाखेत दोघं गेलो.
बाई भल्या होत्या. पाणी दिलं.
स्क्रीन मात्र आमच्याकडं वळवली नाही.
खातं होल्डवर आहे.
का?
वरून आहे.
वर म्हणजे?
बाईंनी नकळत छताकडं पाहिलं.
तिथं पंखा होता.
आप्पासो बराच वेळ पंख्याकडं बघत बसला,
मग म्हणाला,
शिवी दिली, कबूल.
पर ती तोंडानं दिली ओ बाई,
दुधानं न्हवं.

त्या संध्याकाळी चंद्रीनं पान्हा चोरला.
त्यानं पाठ थोपटली, सरकी पुढं केली,
रेडकू सोडलं, बांधलं.
शेवटी खांबाजवळ जाऊन
स्वतःच बारीक आवाजात म्हणाला,
चाळीस रुपये प्राप्त झाले.
कट्ट्यावरचं कुणी हसलं नाही.
म्हशीनं मान फिरवून पाहिलं फक्त.

दुसऱ्या दिवशी मी माझी डबी नेली,
थोरला पोरगा झेरॉक्सचं दुकान चालवायचा तेव्हाची.
माझा चौकोन त्याच्या खांबाला चिकटवला.
जावई म्हणाला, मामा, तुमचंही बंद पडेल.
म्हटलं, पडू दे.
म्हटलं खरं.

रात्री फोनवर एक ओळ लिहिली :
ह्याचं म्हणणं मला मान्य नाही, ह्याचं खातं उघडा.
अंगठा वरच थांबला.
पेन्शन आठवली. बायकोच्या गोळ्या आठवल्या.
खोडली. परत लिहिली. परत खोडली.
महापालिकेची हद्द अजून नदीच्या अलीकडंच आहे.
ही दुसरी कुठली, कुणी आखलेली,
माझ्या अंगठ्याशी येऊन थांबलेली?

आज बारा दिवस झाले.
ओळ फोनमध्येच आहे, न पाठवलेली.
तो विचारत नाही, मी सांगत नाही.
दूध त्याचं, पैसे माझ्या नावावर येतात,
आणि रात्री कट्ट्यावरच्या दिव्याखाली
मी नोटा मोजून त्याच्या हातावर ठेवतो.
भांडायला दोघांनाही जमत नाही.
देणेकऱ्याशी कोण भांडणार,
आणि कोण कुणाचा देणेकरी!

पण काल सुट्टे तीन रुपये नव्हते माझ्याकडं.
त्यानं मूठ मिटली, चरवी उचलली,
आणि कित्येक दिवसांनी जुन्या आवाजात म्हणाला,
ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच.
घरपट्टी समज,
तुझ्या शेराची.